व्हॅनमधला पिवळा दिवा

मी शाळेची व्हॅन चालवायचे. कर्वेनगरात तेव्हा साडी नेसून व्हॅन चालवणारी दुसरी बाई मला तरी दिसली नव्हती. सिग्नलला लोक मान वळवून बघायचे. बघू देत. माझं लक्ष पुढच्या रिक्षाकडे असायचं, कारण ती कुठे वळणार हे रिक्षावाल्यालाही माहीत नसतं.

आम्ही मूळचे विदर्भातले. नवरा पुण्यात कारखान्यात लागला म्हणून मी आले. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी गाड्यांच्या नंबरांवरून शिकले. पुढे कारखान्यात नवी यंत्रं आली आणि जुनी माणसं नकोशी झाली. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे. इच्छा कोणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. मिळालेल्या पैशांतून आम्ही व्हॅन घेतली. थोडे दिवस नवऱ्याने चालवली, मग साखर वाढून त्यांची नजर अधू झाली. दारात गाडी उभी आणि चालवणारं कोणी नाही. मग मी शिकले. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. घरात किल्ली घेण्याजोगा दुसरा हात नव्हता.

मला शिकवलं आमच्या मिस्त्रींनी. कालव्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. बाई गाडी का शिकते, वय काय, असले प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "वहिनी, हा गिअर आहे, मुसळ नाही. हळू धरा." महिनाभर ते रोज पहाटे माझ्या शेजारी बसले. एकदा मी भाजीची हातगाडी उडवता उडवता राहिले, तेव्हाही ते ओरडले नाहीत. नंतर खाली उतरून पाणी मात्र प्यायले. त्यामुळे व्हॅनला काही झालं की मी त्यांच्याकडे जायचे. दुसरीकडे जायचं माझ्या मनातही येत नसे.

आमच्या भागात तेव्हा नव्या नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. नवरा-बायको दोघंही कंप्युटरच्या कंपनीत, सकाळी कंपनीची बस पकडणार, रात्री परत येणार. मुलांना शाळेत सोडायला घरात माणूस नाही. अशा एका सोसायटीतली मुलं माझ्या व्हॅनमध्ये सगळ्यांत जास्त होती. ती सोसायटी गेली असती तर व्हॅन विकावी लागली असती, आणि व्हॅनशिवाय आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असायची, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या मेसमध्ये जेवणाऱ्या कॉलेजच्या मुलांना खडकवासल्याला, सिंहगडाला नेऊन आणायचे. त्या वर्षी सिंहगडाच्या घाटात गाडी तापली. पाण्याचा पाइप फुटला आणि पुढून पांढरी वाफ निघाली. पोरांनी खाली उतरून फोटो काढले. गाडी दोरीने बांधून मिस्त्रींकडे आणली. त्यांनी पाइप बदलला, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, नवीन भरलं, अजून काय काय उघडून पुन्हा बसवलं आणि म्हणाले, "आता ही गाडी जन्मात तापायची नाही, वहिनी."

ते खरं ठरलं. गाडी तापली नाही.

शाळा सुरू झाली. थंडी पडली. सकाळी मुलं कानटोप्या घालून येऊ लागली आणि एके दिवशी पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली, "काकू, तुमच्या गाडीत नळाचं चित्र आलंय." मी बघितलं. स्टिअरिंगच्या मागे पिवळा दिवा लागला होता. चित्र खरंच नळासारखं होतं, पण ते इंजिनाचं होतं. गाडी तर चालत होती. फक्त सकाळी सुरू करताना खूप रेस व्हायची, मागून काळसर धूर यायचा आणि पेट्रोलचा वास आत शिरायचा. पेट्रोलही जास्त पीत होती. मला वाटलं, थंडी आहे, माणसाला दोन चहा लागतात, तसं असेल.

मिस्त्रींनी दिवा बघितला आणि नाक मुरडलं. नव्या गाड्यांतला कंप्युटर हा त्यांचा जुना वैरी.

"गाडी चालते ना?"

"चालते."

"तापते?"

"नाही."

"मग दिव्याचं काय एवढं मनावर घेता? मागची वायर काढून टाकतो. दिवाही नाही आणि कटकटही नाही."

"आणि तो खरं सांगत असेल तर?"

"वहिनी, हा दिवा म्हणजे शेजारची म्हातारी. उगाच खाकरत असते."

"मीही म्हातारीच आहे," मी म्हटलं. "वायरला हात लावू नका. मागे मुलं बसतात."

त्यांनी हात लावला नाही. पण त्यांच्याकडे त्या दिव्यावर दुसरा इलाजही नव्हता. म्हणून मी पहिल्यांदाच दुसरीकडे गेले. हायवेच्या बाजूला एका तरुण माणसाने नवं गॅरेज काढलं होतं. डिप्लोमा झालेला, शर्ट इस्त्रीचा, हातात स्कॅनर. स्टिअरिंगच्या खाली त्याने एक वायर खोचली आणि त्या स्कॅनरच्या डबीवर अक्षरं उमटली. पी, आणि पुढे चार आकडे. त्याला तो बिघाडाचा कोड म्हणाला.

"काकू, एकदम सोपं आहे. कूलंट टेंपरेचर सेन्सर."

"म्हणजे काय?"

"इंजिनातलं पाणी किती गरम आहे ते कंप्युटरला सांगणारा छोटा तुकडा. तोच खराब झालाय. बदलून टाकतो."

त्याने सेन्सर बदलला, डबीवरचं बटण दाबलं, दिवा विझला. जुना सेन्सर त्याने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. हे मला आवडलं. नाहीतर बदललं की नाही कोणाला कळतं? मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, शिकलेल्या माणसाचं कामच वेगळं.

तीन-चार सकाळी बऱ्या गेल्या आणि दिवा परत लागला.

मी पुन्हा त्याच्याकडे गेले. त्याने पुन्हा डबी लावली. तेच पी, तेच आकडे. "नवीन सेन्सरही डिफेक्टिव्ह असू शकतो, काकू," तो म्हणाला. या वेळी मात्र त्याचा आवाज जरा खाली आला होता.

आता सोसायटीतल्या आयांना दिवा कळला होता. मुलं घरी सगळं सांगतात. आपल्याला नको असतं ते आधी सांगतात. एका सकाळी फाटकाशी एक आई थांबली होती. गळ्यात कंपनीचं कार्ड, खांद्याला लॅपटॉपची बॅग. नळाचं चित्र पहिल्यांदा दिसलेली चिमुरडी तिचीच.

"काकू, गुड मॉर्निंग. तो दिवा अजून आहे ना?"

"आहे."

"आत पेट्रोलचा स्मेल येतो म्हणे."

"येतो. मी काचा उघड्या ठेवते."

"एवढ्या थंडीत?" तिने मुलीची टोपी कानांवर खाली ओढली. "काकू, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या दिव्यावर नाही. दोन जणींनी ऑलरेडी दुसरी व्हॅन बघितली आहे. बाकीच्यांना मी थांबवलंय. पण सोमवारी दिवा दिसला तर मलाही सगळ्यांबरोबर जावं लागेल. सॉरी हं."

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर सोमवारपर्यंत थांबलेच नसते.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. ते पायरीवर उन्हात बसले होते. म्हणाले, "मिस्त्री म्हणतो गाडीला काही झालेलं नाही, तो पोरगा म्हणतो सेन्सर बिघडलाय. दोघांना एका जागी उभं कर की. आमच्या कारखान्यात फिटर आणि इलेक्ट्रिशियनला एका मशीनपाशी आणल्याशिवाय मशीन चालू व्हायचंच नाही. नाहीतर दिवसभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडायचे."

नजर गेली होती, डोकं शाबूत होतं.

रविवारी सकाळी मी दोघांना आमच्या अंगणात बोलावलं. मिस्त्रींना सांगितलं, चहाला या. त्या पोराला सांगितलं, तुझा नवीन सेन्सर खराब आहे, घेऊन जा. दोघं आले, एकमेकांना बघितलं आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"हे कोण?" मिस्त्री म्हणाले, जणू त्या पोराला समोरून ऐकूच येत नव्हतं.

"स्कॅनरवाले."

"अच्छा. डॉक्टर आलेत."

"उस्ताद, नमस्कार," पोरगा म्हणाला. "मी फक्त कोड वाचतो."

"वाचा, वाचा. वाचायचे पैसे असतात हल्ली."

"भांडायचं असेल तर आधी चहा घ्या," मी म्हटलं. "रिकाम्या पोटी आवाज चढत नाही."

चहा झाला. मग पोराने गाडीतला सेन्सर काढला. मी कागदात ठेवलेला जुना सेन्सरही आणला. तो म्हणाला, "काकू, एक पातेलं पाणी उकळायला ठेवता? दोन्ही एकदम तपासू." मी चहाचंच पातेलं उचललं तर मिस्त्री आणि तो एकदमच ओरडले, "ते नको! कूलंट विषारी असतं!" त्या दिवशी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. मी गळकं, टाकायला काढलेलं पातेलं आणलं. फार गळत नव्हतं.

स्टोव्ह अंगणात ठेवला. पोराने दोन्ही सेन्सर वायरीला लटकवून पाण्यात सोडले आणि मीटरच्या पिना लावल्या. एक लांब थर्मामीटरही सोडला. पाणी गार होतं तेव्हा मीटरचा आकडा मोठा होता. पाणी तापत गेलं तसा आकडा उतरत गेला. तो नव्या सेन्सरचा आकडा वाचायचा, मग जुन्याचा. दर वेळी दोन्ही जवळजवळ सारखेच.

"म्हणजे?" नवऱ्याने पायरीवरून विचारलं.

पोराने मीटर खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे दोन्ही चांगले आहेत. पहिलाही चांगलाच होता."

"मग बदललास कशाला?" मी विचारलं.

"कोड सेन्सरच्या नावाने आला, काकू."

मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो? डबी खोटं बोलते!"

"डबी खोटं नाही बोलत, उस्ताद. मीच घाई केली." तो पातेल्याकडे बघत होता. "कंप्युटर एवढंच म्हणतोय, की सेन्सर जे सांगतो ते मला पटत नाही. इंजिन इतका वेळ चालू आहे, आतापर्यंत पाणी गरम व्हायला हवं, आणि हा म्हणतो अजून थंडच आहे. मी धरून चाललो की सेन्सर चुकतोय. पण सेन्सर चांगला असेल तर..."

"तर पाणी खरंच थंड आहे," नवरा म्हणाला.

नवऱ्याला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण पाणी थंड आहे की गरम, हे सांगायला मिस्त्री असावं लागत नाही.

पोराने सेन्सर पुन्हा बसवला, गाडी सुरू केली, डबी लावली. आकडा वर चढायला मागेना. मिस्त्री आता आपणहून पुढे आले. त्यांनी रेडिएटरच्या वरच्या पाइपवर एक हात ठेवला आणि खालच्या पाइपवर दुसरा. वैद्य दोन्ही मनगटं धरून बसतो तसे बसले. पोरगा त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, "दोन्ही पाइप एकाच वेळी गरम होतायत ना, उस्ताद?"

"हं."

"आत थर्मोस्टॅट आहे ना?"

मिस्त्रींनी पाइपवरचे हात काढले नाहीत. "नाही," ते म्हणाले.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची एक झडप, हे मला पोराने तिथेच सांगितलं. इंजिन थंड असेपर्यंत ती बंद राहते, पाणी आतल्या आत फिरून लवकर तापतं. तापलं की झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. झडपच नसली तर पाणी सुरुवातीपासूनच गार होत राहतं. पुण्यातल्या थंड सकाळी इंजिनाला ऊब मिळतच नाही. ते बिचारं आपण अजून थंडच आहोत असं समजून पेट्रोल ओढत राहतं. धूर, वास, सगळं त्याचंच.

"कोणी काढला?" पोराने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. विचारायला नको होतं.

"मी काढला. घाटात तापली तेव्हा. मी सगळ्याच गाड्यांचा काढतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही गाडीत तुला तो सापडायचा नाही."

"उस्ताद, ही गाडी तुमच्या जमान्यातली नाही हो."

मिस्त्री उठले. फडक्याला हात पुसले, फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि स्कूटरकडे निघाले.

"मिस्त्री," मी म्हटलं, "रुसायचं असेल तर मंगळवारी रुसा. सोमवारी माझी मुलं जातायत."

ते थांबले. मागे न वळता बोलू लागले. म्हणाले, मी नवीन होतो तेव्हा एका टुरिस्ट गाडीची झडप घाटात बंदच्या बंद अडकली. पाणी पुढे गेलंच नाही, इंजिन जाम झालं. गाडीत बाळंतीण होती. भर उन्हात ती बाई रस्त्याच्या कडेला बसलेली मी बघितली. तेव्हापासून ठरवलं, झडप ठेवायचीच नाही. आपल्याकडच्या उन्हात तिची गरज काय? "आणि तुमच्या गाडीत तर मुलं बसतात, वहिनी. मुलांसाठीच काढली."

मी म्हटलं, "मुलांसाठी काढलीत, आता मुलांसाठीच घाला."

पोराने मान खाली घातली होती. "मीही आधी हेच तपासायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "माझ्याकडे नवीन थर्मोस्टॅट आहे. घेऊन येतो." आणि बाइक काढून गेलाही. जाताना सेन्सरच्या पैशांचं बोलणं काढलं नाही, मीही काढलं नाही.

तो आला तेव्हा मिस्त्रींनी कूलंट बादलीत उतरवून नळी सोडवून ठेवली होती. आपण बसवू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "ज्यांनी काढली ते बसवतील." मिस्त्रींनी झडप हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग आमच्या गळक्या पातेल्यात सोडली. पाणी तापलं तशी झडप हळूहळू उघडली. त्यांनी ती काढून गार पाण्यात धरली, तर मिटली. असं त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं.

"काय बघताय?" नवऱ्याने विचारलं.

"अडकते का बघतोय."

"अडकते?"

"नाही." मग म्हणाले, "चांगली बनवतात हल्ली." आणि बसवायला गेले.

गाडी सुरू केली. डबीवरचा आकडा चढला, चढला आणि एका जागी येऊन थांबला. मिस्त्रींनी पाइपांवर हात ठेवले. आधी वरचा गरम, खालचा गार. बऱ्याच वेळाने खालचाही गरम. त्यांनी माझा हात ओढून पाइपवर ठेवला, म्हणजे मलाही कळावं. पोराने कोड पुसला. मी म्हटलं, झालं. पण तो म्हणाला, "आत्ता काही खरं नाही, काकू. रात्रभर गाडी थंड होऊ द्या. सकाळी थंड इंजिनावर शाळेपर्यंत चालवा. दिवा लागायचा तर तेव्हा लागेल."

म्हणजे सोमवारीच कळणार होतं. माझ्या नशिबात एक दिवस आधी काही कळणं नाही.

सोमवारी सकाळी फार थंडी होती. मी व्हॅन सुरू केली. सगळे दिवे लागले आणि सगळे विझले. धूर पांढरा, थोडासाच. सोसायटीच्या फाटकाशी ती आई मुलीला घेऊन उभी होती. तिने खिडकीतून वाकून आत बघितलं.

"गेला?"

"आत्ता तरी लागलेला नाही. शाळेपर्यंत नाही लागला तर गेला म्हणायचं."

"काय झालं होतं?"

मी सांगितलं. मिस्त्रींनी झडप काढली होती, दुसऱ्याने चांगला सेन्सर बदलला, काल दोघांनी मिळून शोधलं, मिस्त्रींनी झडप परत बसवली. खोटं सांगण्याजोगं त्यात काही नव्हतं.

"ज्यांनी चूक केली त्यांच्याकडेच पुन्हा काम दिलंत?"

"हो."

"का पण?"

"त्यांची चूक मला माहीत आहे. नवीन माणसाची मला शोधावी लागेल."

ती हसली नाही. घड्याळ बघितलं, मग मुलीला मागे बसवलं आणि स्वतः पुढे माझ्या शेजारी बसली. बॅग मांडीवर. "मी येते शाळेपर्यंत," म्हणाली.

येऊ दे. वाटेत ती बाहेर बघतच नव्हती. तिचे डोळे माझ्या स्टिअरिंगच्या मागे. मीही मधूनमधून बघत होते. मागे मुलं ओरडत होती, कोणाचा तरी डबा सांडला, एकाने दुसऱ्याची टोपी खिडकीबाहेर धरली. मी आरशातून डोळे वटारले. काचा बंद होत्या. वास नव्हता. एका सिग्नलला गाडी खूप वेळ थांबली, तेव्हा ती एकदम म्हणाली, "हे नॉर्मल आहे ना?"

"हा पुण्याचा सिग्नल आहे," मी म्हटलं. "गाडीचा काही दोष नाही."

शाळा आली. मुलं उतरली. दिवा लागला नव्हता. ती अजून बसलेलीच. मग म्हणाली, "काकू, माझी कंपनीची बस चुकली. पुढच्या स्टॉपवर सोडाल?"

मी सोडलं. वाटेत तिने फोन काढला आणि कोणाशी तरी इंग्रजीत बोलत राहिली. मला त्यातलं 'काकू' तेवढं कळलं. उतरताना म्हणाली, "थँक्यू. उद्या नेहमीच्या वेळेला."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी मुलं उभी होती. दोन सोडून सगळी. ती दोन दुसऱ्या व्हॅनमध्ये बसायला लागली होती, ती परत आली नाहीत. शाळेच्या दारात ती दोन मुलं मला बघून हात हलवायची. मीही हलवायचे. त्यांच्या व्हॅनमधून धूर येतो का, तेवढं मात्र मी रोज बघायचे.